बाणाची खूण

रुडकीला पहिल्यांदा पोस्टिंग झालं तेव्हा मी तरुण कॅप्टन होतो. 1853 पासून हे बंगाल सॅपर्सचं घर. पुढच्याच वर्षी गंगेचा कालवा सुरू झाला. तो सोलानी नदीवरून नेणारा जलसेतू आजही उभा आहे. इतिहास म्हटला की आपण अशा बांधकामांकडे बोट दाखवतो. ती ज्या हत्यारांनी उभी राहतात, ती मात्र भंगारात जातात.

गावातल्या एका निवृत्त सुभेदारांनी वडिलांची हत्यारपेटी युनिटला दिली. दोघेही सॅपर, दोघेही सुतारकामातले. प्रदर्शनात पेटी उठून दिसावी म्हणून मी सर्वांत मोठी पटाशी ग्राइंडरवर धरली. पाच मिनिटांत आरसा! सुभेदारसाहेबांनी ती उलटसुलट पाहिली आणि शांतपणे म्हणाले, "साहब, चमक तो आ गई, पर पिताजी का नंबर नहीं रहा."

गंजाखाली तीन खुणा होत्या. 'कास्ट स्टील' हा शिक्का, म्हणजे मुशीत वितळवलेलं पोलाद. ही रीत शेफिल्डमध्ये बेंजामिन हंट्समनने 1740 च्या दशकात रूढ केली. दुसरी, ब्रिटिश सरकारी मालावरचा रुंद बाण. मालकी लपवण्यासाठी तो पुसणं 1875 च्या पब्लिक स्टोअर्स अ‍ॅक्टने गुन्हा ठरवलं होतं. तिसरी, वडिलांनी स्वतः ठोकलेला आर्मी नंबर. माझा हेतू चोरीचा नव्हता, पण पुरावा मीच पुसला. वर धार तापून निळी पडली, तिचं पाणी उतरलं. हत्यार म्हणूनही ती गेली.

उरलेल्या पेटीला मी ग्राइंडर लावला नाही. आधी कोरड्या ब्रशने धूळ काढायची, फोटो घ्यायचे, खुणा वहीत उतरवायच्या. हलका गंज असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून नायलॉनच्या ब्रशने घासायचं. गंज जाड असेल तर मूठ काढून फक्त लोखंडी भाग प्लास्टिकच्या बादलीत. लिटरभर पाण्याला चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार हत्याराला, पॉझिटिव्ह साध्या लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना टेकू द्यायची नाहीत. पट्टी स्टेनलेसची नको, त्यातून विषारी क्रोमियम सुटतं. हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर, ठिणगीपासून दूर. हात घालण्याआधी वीज बंद. गंज सुटतो, खालचं पोलाद झिजत नाही. मग धुऊन, लगेच कोरडं करून मशीन ऑइलचा हात फिरवायचा. काळसर छटा राहू द्यायची. ते हत्याराचं वय आहे.

मुठीला सॅंडपेपर नको, तळहाताने आलेली झिलई तिथेच असते. जवसाचं तेल अगदी पातळ चोळायचं आणि ते फडकं बाहेर पसरून वाळवायचं. चुरगळून टाकलं तर आपोआप पेट घेऊ शकतं.

महिनाभराने एका रंध्याच्या पात्यावर बाण वर आला. खाली ठोकलेले आकडे होते, पण शेवटचे तीनच वाचता येत होते. सुभेदारसाहेबांना बोलावलं. त्यांनी पातं उजेडाकडे धरलं, त्या तीन आकड्यांवरून अंगठा फिरवला आणि पुढचे सगळे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवले.

ते मी त्याच दिवशी वहीत लिहून घेतले.