गरोदरपणात शरीराला आराम कसा द्यावा आणि कोणत्या त्रासाकडे दुर्लक्ष करू नये

गरोदरपणात पाठ दुखते, पाय भरून येतात, पोटाची त्वचा ताणली जाऊन खाजते आणि रात्री कूस बदलता बदलता झोप मोडते. अशा वेळी कुणी पायांना तेल लावून दिले किंवा कमरेला शेक दिला तर खूप बरे वाटते. हे लाड जरूर करून घ्या. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. थकव्यामुळे होणारा त्रास आरामाने कमी होतो, पण काही त्रास आजाराची सूचना असतात. तिथे तेल आणि शेक करत बसल्यास उपचाराला उशीर होतो. हा फरक कसा ओळखायचा, ते प्रत्येक तक्रारीनुसार पाहू.

पाठ आणि कंबर दुखणे

पोट वाढते तसा कमरेवर ताण येतो आणि संप्रेरकांमुळे सांध्यांचे बंध सैल होतात. त्यामुळे दिवसाअखेर कंबर दुखणे साहजिक आहे.

आराम कसा मिळेल?
- कुशीवर झोपून किंवा खुर्चीवर उलट्या बाजूने बसून, पाठीला हलक्या हाताने मालिश करून घ्या. तिळाचे किंवा खोबरेल तेल चालते.
- गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून कमरेला 10 ते 15 मिनिटे शेक घ्या. पोटावर शेक घेऊ नका.
- अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताचा आधार घेऊन उठा.

पोटाला तेल लावायचे असेल तर नुसते हलके लावा, चोळू नका. बाळ आडवे किंवा पायाळू आहे म्हणून ते फिरवण्यासाठी घरी पोटाची मालिश कधीही करून घेऊ नका. त्यामुळे वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो. पहिल्या तीन महिन्यांत हलक्या मालिशमुळे गर्भपात होतो, असा पुरावा नाही. तरीही रक्तस्राव झाला असेल, पोटात दुखत असेल किंवा सोनोग्राफीत वार खाली असल्याचे सांगितले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

कधी थांबू नये? कंबरदुखी कळांसारखी थांबून थांबून येत असेल आणि त्याबरोबर पोट कडक होत असेल, तर 37 आठवड्यांपूर्वी ती मुदतपूर्व प्रसूतीची सुरुवात असू शकते. पाठदुखीसोबत थंडी-ताप किंवा लघवीला जळजळ असेल तर मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेला असू शकतो. दोन्ही वेळी शेक बाजूला ठेवून दवाखान्यात जा.

पाय दुखणे, गोळे येणे आणि सूज

संध्याकाळी दोन्ही पावलांवर थोडी सूज येणे आणि पाय उंच ठेवल्यावर ती उतरणे, हे बहुतेक गरोदर स्त्रियांमध्ये दिसते. दिवसातून दोन-तीन वेळा पाय उशीवर ठेवून पडा. फार वेळ एकाच जागी उभे राहू नका. कोमट पाण्यात 10 ते 15 मिनिटे पाय बुडवून ठेवल्यास बरे वाटते. रात्री पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटे स्वतःकडे ओढा.

कधी थांबू नये?
- एकाच पायाची पोटरी किंवा मांडी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लाल झाली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. गरोदरपणात हा धोका चार ते पाच पट वाढतो आणि गुठळी बहुधा डाव्या पायात होते. अशा पायाला मालिश अजिबात करू नका. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊ शकतो.
- सकाळी उठल्यावरही चेहरा आणि हात सुजलेले असतील, अंगठी अचानक घट्ट झाली असेल, डोके फार दुखत असेल, डोळ्यांपुढे चमकत असेल किंवा बरगड्यांखाली दुखत असेल, तर लगेच रक्तदाब तपासा. 20 आठवड्यांनंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून जास्त असणे ही प्री-एक्लॅम्पसिया या आजाराची खूण असू शकते. हा आजार आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतो.

त्वचेची खाज आणि व्रण

अंघोळीनंतर त्वचा ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे मॉइश्चरायझर लावा, सुती कपडे वापरा. पोटावरचे व्रण कोणत्याही तेलाने किंवा क्रीमने खात्रीने टळत नाहीत, त्यामुळे महागड्या क्रीमवर खर्च करण्याची गरज नाही. रेटिनॉइड असलेली मुरुमांची किंवा सुरकुत्यांची क्रीम वापरू नका. डोहाळजेवणाला साधी मेंदी जरूर लावा, पण लगेच काळी रंगणारी रसायनयुक्त मेंदी टाळा.

कधी थांबू नये? अंगावर पुरळ नसताना तळहात आणि तळपाय खाजत असतील आणि रात्री खाज वाढत असेल, तर यकृतातून पित्ताचा निचरा नीट होत नसावा. याचे निदान रक्ततपासणीने होते. पित्ताम्ल फार वाढले तर बाळाला धोका असतो, म्हणून नुसते तेल लावून दिवस काढू नका.

झोप

28 आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपा. उताणे झोपल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येऊन बाळाचा रक्तपुरवठा कमी होऊ शकतो. डावी किंवा उजवी, कोणतीही कूस चालते. गुडघ्यांच्या मध्ये एक आणि पोटाखाली एक उशी घ्या. मध्येच जाग आली आणि तुम्ही उताण्या असाल तर घाबरू नका, कूस बदलून पुन्हा झोपा.

अंघोळ आणि वेदनाशामके

अंघोळीचे पाणी कोपराला कोमट लागेल इतकेच गरम असावे. सॉना, वाफेची खोली आणि गरम पाण्याचा टब टाळा. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत शरीराचे तापमान 39 अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास बाळाच्या मज्जारज्जूच्या वाढीत दोष होण्याची शक्यता वाढते. ताप आल्यासही अंगावर काढू नका.

दुखऱ्या जागी लावायच्या जेल किंवा स्प्रेमध्ये बहुधा डायक्लोफेनॅक असते. ते आणि आयबुप्रोफेनच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

घरच्यांसाठी

मालिश करताना तुमचा हात रोज तिच्या पायांवरून फिरतो. एक पाय जास्त सुजला आहे का, चेहरा सुजलेला दिसतो का, हे तुमच्या आधी लक्षात येऊ शकते. "गरोदरपणात असं होतंच" म्हणण्यापूर्वी एकदा नीट विचारा.

पुढीलपैकी काहीही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयात न्या: रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, झटके येणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे, आणि वर सांगितलेली रक्तदाबाची किंवा गुठळीची लक्षणे. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांकावर फोन करा.

हा लेख माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीनुसार काय योग्य आहे, हे पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांना विचारून घ्या.