फोन कुणाकडे जोडायचा?

घरातला दूरध्वनी खणखणला की आपण तो उचलतो. तो नेमका आपल्याच घरी का खणखणला, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. मला मात्र दूरध्वनीचा इतिहास या प्रश्नाभोवतीच फिरताना दिसतो.

सुरुवातीला फोन कुणाकडे जोडायचा, हे एक्स्चेंजमधला ऑपरेटर ठरवीत असे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्रॉउजर नावाचे गृहस्थ अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा व्यवसाय करीत. आपल्याला येणारे फोन प्रतिस्पर्ध्याकडे वळवले जातात, असा त्यांना संशय होता. ऑपरेटर म्हणजे त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच, असे सांगतात. ती कदाचित दंतकथा असेल; यंत्र मात्र खरे. १८९१ मध्ये त्यांना स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असे पहिले व्यावसायिक एक्स्चेंज सुरू झाले. यंत्राला ना नातेवाईक, ना मतलब! मिळालेल्या आकड्याकडे ते मुकाट्याने जोडून देई.

पण तेच यंत्र सज्जन आणि भामटा यांतही फरक करीत नव्हते.

पुढे इंटरनेटवरून फोन होऊ लागले. साधा फोन इंटरनेटला जोडणारी, ‘अ‍ॅडॉप्टर’ नावाची छोटी डबी घरात आली आणि एक्स्चेंजचे अधिकार घरमालकाच्या हाती आले. नातलगांचा नंबर दिसला तर घंटी वाजावी, अनोळखी फोन निरोप ठेवण्याच्या सोयीकडे जावा, असे नियम त्यात लिहिता येतात. काही डब्यांना जुनी टेलिफोन लाइनही जोडता येते. मग विश्वासातला माणूस बाहेरून घरी फोन करून तिथून पुढे परदेशी बोलू शकतो. बिल अर्थातच घरमालकाचे!

इथेच खरी मेख आहे. पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव कुणीही लिहू शकतो. तसाच इंटरनेटच्या फोनवर दुसऱ्याचा नंबर दाखवता येतो. म्हणून अशी वाट उघडताना नंबरच्या जोडीला गुप्त आकडा मागणे शहाणपणाचे. अमेरिकेत तर यासाठी २०१९ मध्ये कायदा झाला आणि इंटरनेट पद्धतीच्या जाळ्यांत नंबरची डिजिटल पडताळणी करणे २०२१ पासून मोठ्या कंपन्यांवर बंधनकारक झाले.

फोन कुणाकडे जोडायचा, हे कोडे स्ट्रॉउजर यांनी सोडवले. तो खरोखर कुणाचा आहे, हे ओळखण्याचे काम अजून संपलेले नाही. तोवर ओळखीचा नंबर दिसला, तरी पैशांची गोष्ट निघताच फोन ठेवावा आणि आपणच उलटा फोन करून खात्री करावी, हे बरे.