संदेश-क्रमांकन, इंटरनेट दूरध्वनीतील

इंटरनेटवरून दूरध्वनी जोडताना, चालू ठेवताना व बंद करताना दोन्ही टोकांच्या यंत्रांत सूचनांची देवघेव होते. या सूचनांचा क्रम कळावा म्हणून त्यांना अनुक्रमांक देण्याच्या पद्धतीस संदेश-क्रमांकन म्हणतात.

या पद्धतीची गरज का निर्माण झाली, हे पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या वाढीवरून समजते. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. त्या काळी परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवावा लागे. ऑपरेटरने जोडून दिलेला मार्ग संभाषण संपेपर्यंत राखीव राही व त्यावर आधी निघालेला संकेत आधीच पोहोचे. चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, तोपर्यंत परिस्थिती पालटली होती. भारतात इंटरनेट दूरध्वनीस १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली होती. इंटरनेटवर संदेश पॅकेटांच्या रूपाने जातात. त्यांपैकी काही हरवतात, तर काही मागेपुढे पोहोचतात.

क्रमांकनाची कल्पना मात्र जुनी आहे. १९८० मध्ये प्रमाणित झालेल्या ‘संकेतन पद्धती क्र. ७’ मध्ये शेजारच्या दोन विनिमय केंद्रांमधील संकेतांना ० ते १२७ असे फिरते क्रमांक देत. इंटरनेट दूरध्वनीत ही जबाबदारी टोकाच्या यंत्रांकडे आली. हँडली, शुल्झरिन, स्कूलर व रोझेनबर्ग यांनी रचलेल्या ‘सिप’ या नियमावलीचे पहिले प्रमाण मार्च १९९९ मध्ये व सुधारित प्रमाण जून २००२ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘सिप’मध्ये प्रत्येक विनंतीबरोबर एक क्रमांक व विनंतीचा प्रकार लिहिलेला असतो. संभाषणात नवी विनंती निघाली की क्रमांक एकाने वाढतो. उत्तर न आल्यास तीच विनंती त्याच क्रमांकाने पुन्हा पाठवितात. उत्तरातही तोच क्रमांक असल्याने ते कोणत्या विनंतीचे आहे हे कळते. पोच व रद्द करण्याची सूचना यांना मात्र मूळ निमंत्रणाचाच क्रमांक असतो. दोन्ही पक्षांची मोजणी स्वतंत्र असते. समजा, चाकणच्या कार्यालयाने संभाषण क्र. २ च्या विनंतीने थांबविले व क्र. ३ ने पुन्हा सुरू केले. क्र. २ ची रेंगाळलेली प्रत त्यानंतर पोहोचली, तर क्रमांकाअभावी चालू संभाषण पुन्हा थांबेल. क्रमांक लहान असल्याने ती जुनी आहे हे यंत्र ओळखते व तिची अंमलबजावणी करीत नाही.

क्रमांकामुळे संदेशांचा क्रम कळतो; पाठविणारा खरा कोण, हे कळत नाही. त्याची खातरजमा करण्यासाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवावी लागते.