तळटीप : नौकेच्या इंजिनाचे फ्लायव्हील

मूळ मजकुरात फ्लायव्हीलचा उल्लेख ओझरता आहे. खरे तर खेळण्यातल्या विमानाचे इंजिन छोट्या बोटीत बसवताना सगळा पेच तिथेच असतो. १९४७मध्ये रे आर्डन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि ठिणगीसाठी लागणाऱ्या बॅटरी-कॉइलचे ओझे उतरले. मिथेनॉल आणि एरंडेलावर चालणारी ही इंजिने हलकी खरी, पण विमानात पंखा नुसते विमान ओढत नाही. तो सिलिंडरवर वारा घालतो आणि एका स्फोटापासून पुढच्या स्फोटापर्यंत दांडा फिरता ठेवतो. बोटीत या दोन्ही कामांना वाली उरत नाही. पहिल्यासाठी सिलिंडरभोवती पाण्याचे जॅकेट असते. प्रोपेलरमागच्या झोतात तोंड धरलेल्या बारीक नळीतून पाणी आपसूक वर चढते, पंप लागत नाही. दुसऱ्यासाठी फ्लायव्हील. हे काम पाण्यातला प्रोपेलरही करीलच, असा आक्षेप घेता येईल. तो टिकत नाही. पाणी शक्ती शोषते, परत देत नाही; आणि प्रोपेलर स्वतः इतका लहान नि हलका, की त्यात साठवण ती काय राहणार! वजन वाढते हे मान्य, पण ते तळालगत बसवले तर तोल बिघडत नाही. शिवाय चाकाच्या खाचेत दोरी गुंडाळून झटका दिला की इंजिन सुरू करता येते, ही सोय वेगळीच.