संगमनेरचा फंदी

रात्र चढली आहे. साल १७८५ च्या आसपासचं. संगमनेरात, प्रवरेच्या काठाजवळ, तुम्ही तमाशाच्या गर्दीत मांडी घालून बसला आहात. एक जण डफाचं कातडं शेकोटीवर शेकतोय. टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा धगीला धरतो. नदीकाठच्या दमट हवेत सैल पडलेला डफ बोलत नाही. तुणतुण्याची तार ताणली जाते, झीलकरी घसा खाकरतात आणि पलित्यांच्या उजेडात अनंत घोलप पुढे येतो. १७४४ चा जन्म, घराणं ब्राह्मणाचं, दोस्ती मात्र मलिक फंदी नावाच्या फकिराशी. त्या दोस्तीवरूनच लोक याला अनंत फंदी म्हणतात.

तुमच्या शेजारचा गडी हसून बेजार झालाय. पुढून कुणीतरी टोमणा हाणतो. फंदी थांबत नाही. चालू चालीतच त्याचा समाचार घेतो आणि ज्याने टोमणा मारला तोच सगळ्यांत मोठ्याने हसतो. फडाची रीतच ही. सवाल आला की जबाब द्यायचा, नाहीतर हार कबूल करायची.

आता थोडे पुढे या. परंपरा सांगते की चौंडीची लेक, महेश्वरहून राज्य करणाऱ्या अहिल्याबाई होळकरांनी फंदीला खडसावलं: ब्राह्मणाने अशी वाणी तमाशात का घालवावी? त्याने डफ फोडला आणि कीर्तन धरलं. अमक्या जातीने डफ धरू नये हा विचार मला मुळीच पटत नाही. पण राज्य हाती असलेल्या बाईंनी कवीला कोठडी दाखवली नाही, बोल लावला, याचं मोल मला फार वाटतं. आणि फंदीची धार गेली नाही. देवळात, समया तेवत असताना, तो कीर्तनाचा पूर्वरंग मांडतो तेव्हा ऐका: सरळ वाटेने चाल, आपला संसार सांभाळ, खोटं बोलू नको. उपदेश जुन्याच वळणाचा, पण ठसक्यात सांगितलेला. त्याचे फटके, म्हणजे ही उपदेशाची कवनं, लोकांनी तोंडपाठ केले.

तिथून एकदम २०२० मध्ये या. तालुका तोच. मांडव केवढा तरी मोठा, भोंगे चारी दिशांना, समोर मोबाइल उंचावलेले. फेटा बांधलेले कीर्तनकार निवृत्ती महाराज देशमुख, म्हणजे सगळ्यांचे इंदुरीकर, उभे आहेत. दारू पिणारा पोरगा, लग्नातली उधळपट्टी, आईबापाला विसरलेली सून-लेकरं. दर दोन वाक्यांना हशा. त्यातले पोरींवरचे टोमणे मला बोचतात. तरी ते बोलण्याचा त्यांचा हक्क मी मान्य करते, मनापासून.

पण सम तारखेला संग केला तर मुलगा, विषम तारखेला मुलगी, हे त्यांच्या कीर्तनातलं विधान त्या वर्षी गाजलं तेव्हा मामला बदलला. हा विनोद नव्हता, नुस्खा होता. ज्या महाराष्ट्रात पोटातल्या मुली मारल्या जाऊ नयेत म्हणून कायदा करावा लागला, तिथे गळ्यात तुळशीमाळ असलेल्या माणसाच्या तोंडून तो नुस्खा औषधासारखा घेतला जातो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने आक्षेप घेतला, महाराजांनी दिलगिरी व्यक्त केली, गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याखाली संगमनेरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. २०२१ मध्ये सत्र न्यायालयाने तो रद्द केला. २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पुन्हा जिवंत केला.

मांडवात बसून आजूबाजूला बघा. विधान खटकलेली एखादी बाई इथे असेलही. ती उठून विचारू शकत नाही, महाराज, हे कशावरून? कीर्तनकार उभा राहतो त्या नारदाच्या गादीपुढे हात जोडायचे असतात. फडावर फंदीला कुणीही सवाल टाकू शकत होतं. इथे सवाल टाकायला कोर्टाची पायरी चढावी लागली.