रेषेखालची माणसं

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. तळटिपेचं कूळ शोधायला मात्र कुणी मनाई केलेली नाही, आणि शोधायला गेलं की पहिल्याच वळणावर एक भांडण लागतं.

1704 साली लंडनमध्ये 'अ टेल ऑफ अ टब' नावाचं एक खट्याळ पुस्तक आलं. त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, पण ते होतं जोनाथन स्विफ्टचं. विल्यम वॉटन या विद्वानाची त्यात यथेच्छ टिंगल होती, म्हणून वॉटनने पुढच्याच वर्षी त्या पुस्तकावर झोड उठवली. 1710 साली पाचवी आवृत्ती निघाली तेव्हा स्विफ्टने वॉटनची तीच वाक्यं उचलली आणि आपल्या पुस्तकाच्या पानांच्या तळाशी, वॉटनच्या नावानिशी, टिपा म्हणून लावून टाकली. ज्याने पुस्तक झोडपलं तोच त्याचा भाष्यकार होऊन बसला, तोही फुकटात.

स्विफ्टचा मित्र अलेक्झांडर पोप आणखी पुढे गेला. पोपने शेक्सपिअरची नाटकं संपादित केली होती. लुईस थिओबाल्ड नावाच्या माणसाने 1726 मध्ये अख्खं पुस्तक काढून त्या संपादनातल्या चुका दाखवल्या. पोपने दोन वर्षांनी 'डन्सियड' हे विडंबनकाव्य लिहिलं आणि मूर्खांच्या राज्याच्या गादीवर थिओबाल्डलाच बसवलं. एवढ्यावर समाधान होईना, म्हणून 1729 च्या आवृत्तीला त्याने टिपा जोडल्या. मार्टिनस स्क्रिब्लेरस या काल्पनिक पंडिताच्या नावावरच्या या टिपा थिओबाल्डच्याच थाटात होत्या, एकेका अक्षरावर घोळ घालणाऱ्या. पानावर कवितेच्या दोनचार ओळी आणि खाली टिपांचा डोंगर.

आजच्या अमेरिकन कादंबरीत तळटिपांचा जो सुळसुळाट आहे, त्याचं घराणं हे. म्हणजे टीप साहित्यात आली ती माहिती पुरवायला नव्हे, उट्टं काढायला. वरचा माणूस बोलत असताना खालून कुणीतरी त्याचा शब्द खोडत असतो, आणि वाचकाला ठरवावं लागतं की खरं कुणाचं. पुढच्या तीनशे वर्षांत बदलत गेलं ते एवढंच, की रेषेखाली कोण बसतं.

मधल्या काळात तळटीप सभ्य झाली. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड 1776 मध्ये निघाला तेव्हा टिपा शेवटी होत्या. सारखं मागे जाऊन शोधायला लागतं म्हणून तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम वैतागला. मरणाला टेकलेल्या ह्यूमने मुद्रकाला पत्र लिहून टिपा पानावरच छापा असं सुचवलं, आणि त्या पानाच्या तळाशी आल्या. पुढे जर्मन विद्यापीठांनी तळटिपेला शिस्त लावली आणि तिथून ती अमेरिकन विद्यापीठांत गेली. मेलव्हिलने 'मोबी डिक'मध्ये मोजक्या ठिकाणी ती वापरली. अमेरिकेत जन्मलेल्या एलियटने 'द वेस्ट लँड'च्या 1922 च्या पुस्तकाला टिपा जोडल्या, कारण नुसत्या कवितेने पुस्तकाची पानं भरत नव्हती. पुढे त्याने स्वतःच त्या टिपांची खिल्ली उडवली. तोवर लोकांनी त्यांवर प्रबंध लिहून ठेवले होते.

खरा उद्योग सुरू झाला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. 1944 च्या अमेरिकन कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. सुमारे 22 लाख जण महाविद्यालयांत शिरले. वर्ग फुगले, प्राध्यापक कमी पडू लागले, आणि लेखकांना विद्यापीठात पोटापाण्याची सोय मिळाली. जॉन बार्थ, विल्यम गॅस, रॉबर्ट कूव्हर हे सगळे शिकवून जगले. माणूस जिथे नोकरी करतो तिथलाच कागद त्याच्या कथेत येणार. काफ्का विमा कचेरीत होता, त्याच्या कथेत फायली आल्या. हे प्राध्यापक होते, यांच्या कथेत संदर्भ आले.

यांतला सर्वांत थोर प्राध्यापक खरा अमेरिकन नव्हताच. व्लादिमीर नाबोकोव्ह 1948 ते 1959 कॉर्नेलमध्ये शिकवत होता, आणि त्या काळात पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'च्या इंग्रजी भाषांतराने त्याला झपाटलं होतं. भाषांतर एका खंडात मावलं. त्यावरच्या भाष्याला दोन खंड लागले, आणि सूची व मूळ रशियन आवृत्तीची प्रतिकृती यांचा चौथा खंड झाला. ते सगळं छापून यायला 1964 उजाडलं. पण आपण दुसऱ्याच्या कवितेवर स्वार होऊन हजारभर पानं खरडतो आहोत, यात काहीतरी भ्रमिष्टपणा आहे, हे त्याला आधीच कळलं असणार. कारण 1962 मध्ये त्याची 'पेल फायर' आली.

'पेल फायर'मध्ये जॉन शेड नावाच्या कवीची 999 ओळींची कविता आहे. शेडचा खून झालेला आहे. हस्तलिखित हाती लागलं आहे त्याच्या शेजारी राहणाऱ्या चार्ल्स किन्बोट या प्राध्यापकाच्या, आणि त्याने त्यावर प्रस्तावना, टिपा आणि सूची लिहिली आहे. कविता शेडच्या साध्या आयुष्याविषयी आणि जीव दिलेल्या त्याच्या मुलीविषयी आहे. किन्बोटला मात्र पक्की खात्री, की ती झेम्ब्ला या दूरच्या उत्तरेकडच्या देशातून पळालेल्या राजाविषयी आहे. म्हणजे आडून आडून, त्याच्या स्वतःविषयी. मग कवितेतला कुठलाही शब्द पकडायचा आणि खाली राजवाड्यातले भुयारी मार्ग सांगत सुटायचं.

प्रस्तावनेतली एक जागा मुद्दाम सांगण्यासारखी आहे. अगदी विद्वत्तापूर्ण सुरात हस्तलिखिताचं वर्णन चाललेलं असताना किन्बोट मधेच तक्रार करतो, की आपण राहतो त्या जागेसमोरच्या जत्रेत फार गोंगाट आहे. मागचापुढचा काही संबंध नाही. वाक्य येतं आणि पंडित पुन्हा कामाला लागतो. एवढ्यावरून वाचकाला कळतं की संपादकाचं डोकं ठिकाणावर नाही. पुढे तो सल्ला देतो, की आधी टिपा वाचा, मग त्यांच्या आधाराने कविता, मग पुन्हा टिपा; आणि पानं उलटण्याचा त्रास नको असेल तर सरळ दोन प्रती विकत घेऊन शेजारी शेजारी ठेवा. शेवटच्या सूचीत बॉटकिन नावाच्या एका रशियन वंशाच्या विद्वानाची नोंद आहे. तिच्यावरून अशी शंका येते की राजाही खोटा, किन्बोटही खोटा, आणि हा सगळा त्या एकाकी बॉटकिनचा खेळ असावा.

ॲब्सर्ड, म्हणजे अर्थ न लागणारं, साहित्य म्हटलं की बेकेटच्या नाटकातली, कुणाची तरी वाट बघत बसलेली दोन माणसं आठवतात: उजाड जागा, एक झाड. अमेरिकन ॲब्सर्ड तसं रिकामं नसतं. तिथे सगळं क्रमांकवार लावलेलं असतं, सूची असते, आणि तरीही अर्थ लागत नाही. माझ्या मते 'पेल फायर'च्या पुढे या प्रकारात अजून कुणी गेलेलं नाही. वर मुलीला गमावलेला बाप, खाली देश गमावलेला माणूस, आणि दोघांना एकमेकांचं दुःख ऐकूच जात नाही.

साठच्या दशकाच्या शेवटाला खेळ बराच वाढला. गॅसच्या 'विली मास्टर्स लोन्सम वाइफ'मध्ये (1968) टिपांच्या खुणेच्या चांदण्या वाढत वाढत पान गिळू लागतात आणि पानांवर कॉफीच्या कपाचे गोल डाग छापलेले आहेत. बघायला मजा येते. पुन्हा वाचावंसं वाटत नाही.

मग 1988 मध्ये निकल्सन बेकरची 'द मेझनीन' आली आणि रेषेखाली पहिल्यांदाच एक साधा नोकरदार येऊन बसला. कथानक म्हणाल तर एवढंच: हाउई नावाचा तरुण जेवणाच्या सुट्टीत बुटाची तुटलेली नाडी आणायला गेला होता, तो आता सरकत्या जिन्याने वर कचेरीत चालला आहे. बाकी सगळं त्याच्या डोक्यात आणि टिपांत. एका लांबलचक टिपेत तो पेयाच्या नळीचा इतिहास सांगतो. कागदाच्या नळ्या जाऊन प्लास्टिकच्या आल्या तेव्हा त्या डब्यातून आपोआप वर तरंगायला लागल्या. साखरेच्या पाण्यात उभी राहायची वस्तू त्या पाण्याहून हलकी बनवली, ही घोडचूक अभियंत्यांनी केलीच कशी, असा त्याचा सवाल आहे. हसू येतं, आणि लगेच लक्षात येतं की हा रागवलेला माणूस बरोबर बोलतो आहे. पुस्तकाच्या शेवटाकडे तळटिपांवरच एक दीर्घ तळटीप आहे, तिच्यात गिबनही येऊन जातो. बेकरचा विक्षिप्तपणा प्रेमळ आहे. या घराण्यातलं कुठलं पुस्तक आधी वाचू असं कुणी विचारलं तर मी हेच हातात देईन.

डेव्हिड फॉस्टर वॉलेसची 'इन्फिनिट जेस्ट' (1996) मी तशी कुणाच्या हातात देणार नाही. पानं 1,079, टिपा 388, त्यांतल्या काहींना स्वतःच्या टिपा. एका टिपेत एका काल्पनिक दिग्दर्शकाच्या सगळ्या चित्रपटांची यादी आहे. त्याचा शेवटचा चित्रपट इतका रंजक आहे, की बघणारा खाणंपिणं विसरून बघतच राहतो आणि मरतो. त्या जगात वर्षांचे आकडे गेले आहेत. वर्षांची नावं कंपन्यांना विकली जातात, आणि एक वर्ष प्रौढांच्या लंगोटांच्या नावाने ओळखलं जातं. वॉलेसने टिपा जाणूनबुजून पुस्तकाच्या शेवटी ठेवल्या. ज्या मागेपुढे करण्याला ह्यूम कंटाळला होता, तेच त्याला हवं होतं. वाचकाने दोन खुणा घालून बसावं, दर दोन पानांनी शेवटी जाऊन यावं, हातांनी कष्ट करावेत. तो लहानपणी चांगला टेनिसपटू होता, तेव्हा टीकाकारांना चेंडूची ये-जा आठवली यात नवल नाही. औषधांची रासायनिक नावं सांगणाऱ्या टिपा मला कंटाळवाण्या वाटतात. पण कधी कधी अशा टिपेच्या आड कथेतला मोठा घाव लपवलेला असतो, आणि ती टाळणारा वाचक फसतो. ई-पुस्तकात आकड्यावर बोट ठेवलं की टीप समोर येते. सोय झाली, आणि वॉलेसची सगळी मेहनत पाण्यात गेली.

चार वर्षांनी मार्क डॅनिएलेव्हस्कीने 'हाउस ऑफ लीव्ह्ज'मध्ये तळटिपांचंच घर बांधलं. एक आंधळा म्हातारा एका माहितीपटावर जाडजूड प्रबंध लिहून मरतो. तो माहितीपट अस्तित्वातच नाही. प्रबंधाच्या टिपांत खरी-खोटी पुस्तकं सरमिसळ उद्धृत केलेली. त्या टिपांवर जॉनी ट्रुअंट या तरुणाच्या टिपा, त्यांवर संपादकांच्या, आणि प्रत्येकाचा टाइप वेगळा. गोष्टीतलं घर बाहेरून मोजलं त्यापेक्षा आतून पाव इंच मोठं भरतं. 2002 मध्ये जेनी बूलीने 'द बॉडी'त वरचा मजकूरच काढून टाकला. पान कोरं, खाली फक्त टिपा. एवढं झाल्यावर खेळात आता राहिलं काय, असं वाटलं असतं तर त्यात चूक नव्हती.

पण 2007 मध्ये हुनो दियासची 'द ब्रीफ वंडरस लाइफ ऑफ ऑस्कर वाओ' आली. न्यू जर्सीत वाढलेल्या एका लठ्ठ, पुस्तकवेड्या डोमिनिकन मुलाची ही गोष्ट. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर मिळालं. तिच्यातली पहिलीच मोठी टीप राफाएल त्रुहियोवर आहे. हा हुकूमशहा 1930 ते 1961 डोमिनिकन रिपब्लिक आपल्या खिशात ठेवून होता; राजधानीलाही त्याने स्वतःचं नाव दिलं होतं. अमेरिकेने या देशात एकदा 1916 मध्ये आणि पुन्हा 1965 मध्ये फौजा उतरवल्या, तरी सामान्य अमेरिकन वाचकाला त्याचा पत्ता नसतो. म्हणून दियासचा निवेदक तो इतिहास टिपांत सांगतो, शिव्या देत, कॉमिक्सचे दाखले देत, रस्त्यावरच्या भाषेत. नाबोकोव्हच्या टिपेतला देश कल्पित होता, डॅनिएलेव्हस्कीचे संदर्भ बनावट होते. इथे वरची गोष्ट कल्पित आणि खालचं सगळं घडून गेलेलं.

अशाच एका टिपेत हेसुस दे गालिन्देस भेटतो. स्पेनमधल्या बास्क प्रांताचा हा माणूस यादवी युद्धानंतर डोमिनिकन रिपब्लिकमध्ये आश्रयाला आला, तिथली राजवट आतून पाहिली आणि न्यू यॉर्कला जाऊन कोलंबिया विद्यापीठात तिच्यावर डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. प्रबंध मागे घ्यावा म्हणून त्याला पैशांचं आमिष दाखवलं गेलं, असं सांगतात. त्याने तो मागे घेतला नाही. 12 मार्च 1956 च्या रात्री वर्ग संपवून तो घरी निघाला आणि मॅनहॅटनमधून नाहीसा झाला. त्रुहियोच्या हस्तकांनी त्याला विमानातून पळवून नेऊन मारलं असं मानलं जातं. प्रेत कधीच सापडलं नाही. कोलंबियाने त्याच वर्षी त्याच्या गैरहजेरीत त्याला डॉक्टरेट दिली, आणि प्रबंध चिलीत पुस्तकरूपाने छापून निघाला.