नगर आणि नागर : ग्रीक-लॅटिन शब्द व धेनुकाकटचे यवन

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत या गावाचे नाव ऐकताच त्याची सांगड यवनांशी घालण्याचा मोह होतो. परंतु नामसादृश्य हा इतिहासाचा पुरावा नव्हे. केवळ दोन अक्षरांच्या साम्यावर भीमाखोऱ्यात ग्रीकांची वसाहत उभी करणे उचित ठरणार नाही. यवनांचा खरा, दगडावर कोरलेला पत्ता पाहावयाचा असेल तर यवतहून पुण्यामार्गे पश्चिमेस कार्ले येथे अथवा उत्तरेस जुन्नर येथे जावे लागते. तेथील यवन नुसते ‘यवन’ म्हणून येत नाहीत. त्यांपैकी बरेच जण आपल्या नगराचेही नाव सांगतात. परदेशी मूळ असलेला मनुष्य आपले नगर कोणते म्हणून सांगतो, आणि ते सांगण्याचा अधिकार त्यास कोण देतो, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे.

ग्रीक भाषेत नगरासाठी दोन शब्द प्रामुख्याने वापरले जात. ‘आस्तु’ म्हणजे घरे, रस्ते व तटबंदी असलेली वस्ती. ‘पोलिस’ म्हणजे त्या वस्तीचा नागरिकसमूह, त्याचे कायदे व त्याच्या देवता यांसह असलेले राज्य. ‘पोलिस’वरून ‘पोलितेस’ म्हणजे नागरिक हा शब्द झाला. लॅटिनमध्येही असाच भेद आहे. ‘उर्ब्स’ म्हणजे बांधलेले शहर आणि ‘किविटास’ म्हणजे तेथील नागरिकांचा समुदाय. सातव्या शतकातील सेव्हिलचा इसिडोर हा भेद स्पष्ट करताना म्हणतो की, उर्ब्स भिंतींची असते, किविटास मात्र दगडांची नसून राहणाऱ्या माणसांची असते. आज आपण सहज उच्चारतो तो ‘सिटी’ हा शब्द मूळचा माणसांचा आहे, भिंतींचा नव्हे. पॅरिसचे उदाहरण तर बोलके आहे. लुतेतिया हे त्या शहराचे रोमन काळातील नाव लोपले आणि तेथील ‘परिसी’ या जमातीचे नाव शहरास चिकटले.

परंतु हा समुदाय सर्वांस खुला नव्हता. अथेन्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारा परका मनुष्य ‘मेतोइकोस’ म्हणजे सहनिवासी म्हणून ओळखला जाई. तो कर भरी, युद्धात लढे, परंतु ‘अथेनाइओस’ म्हणवू शकत नसे. इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या अखेरीस अथेन्समधील एरेख्थेइओन मंदिराचे बांधकाम झाले. त्याचे हिशेब शिलालेखांत उरले आहेत. एकाच भिंतीवर काम करणाऱ्या कारागिरांपैकी नागरिकाच्या नावापुढे त्याच्या ‘डेमोस’चे, म्हणजे मूळ गावविभागाचे विशेषण येते, सहनिवाशाच्या नावापुढे मात्र ‘अमुक ठिकाणी राहणारा’ एवढेच येते. काम एक, मजुरी एक, नाव लिहिण्याची रीत मात्र दोन. रोमने हे दार पुढे बरेच उघडले. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकालाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांस नागरिकत्व दिले. दासांचा त्यात समावेश नव्हता.

यवन समाजातील या द्विविध रचनेची जाणीव पाली वाङ्मयास होती. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात भगवान बुद्ध योन व कंबोज देशांचा दाखला देतात. तेथे आर्य व दास असे दोनच वर्ण आहेत आणि आर्याचा दास व दासाचा आर्य होऊ शकतो, असा तो दाखला आहे. वर्ण जन्मसिद्ध नाही हे ब्राह्मण तरुणास पटवून देण्यासाठी तो योजला आहे. यवनांची स्तुती हा त्याचा हेतू नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. ‘योन’, ‘योनक’, ‘यवन’ हे शब्द मूळ ‘इआओनेस’, म्हणजे आयोनियाचे लोक, या ग्रीक शब्दाची रूपे असून इराणी ‘यौन’ हे त्यांचे भावंड आहे. मिलिंदपञ्हात राजा मिलिंद आपला जन्म अलसंदाचा, म्हणजे एखाद्या अलेक्झांड्रियाचा, असल्याचे सांगतो. त्याच्या सागल नगरास तेथे ‘पुटभेदन’ म्हटले आहे. पुटभेदन म्हणजे जेथे मालाच्या गाठोड्यांच्या मोहोरा फोडल्या जातात ते ठिकाण. ग्रीक खलाशी ज्यास ‘एम्पोरिओन’ म्हणत त्यास यापेक्षा नेमका भारतीय शब्द सापडणे कठीण.

इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात आपली नगरे भेटतात : पैठण, तगर म्हणजे आजचे तेर, सोपारा, कल्याण. तगर हे फार मोठे नगर असल्याचे ग्रंथकार सांगतो. दुसऱ्या शतकातील टॉलेमी पैठणला सिरोपोलेमाइओस याची राजधानी म्हणतो. हा सातवाहन राजा सिरी पुळुमावी होय. मात्र या ग्रंथांत नगरे आहेत, माणसे नाहीत. माणसे लेण्यांत आहेत.

कार्ले येथील चैत्यगृहात दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा घटशीर्ष स्तंभ आहेत. त्यांतील अनेकांवर दात्यांची नावे आहेत. धेनुकाकटचा यवन सिहधय, धेनुकाकटचा यवन धम्म अशा प्रकारे कित्येक स्तंभ यवनांचे आहेत. त्यांच्याच शेजारी सोपाऱ्याचा धम्मुत्तरीय भाणक सातिमित आहे. दर्शनी भागात धेनुकाकटचा गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, सिहदत आहे आणि धेनुकाकटचाच सुतार सामि आहे. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे. आता या लेखांतील रचना पाहावी. ‘धेनुकाकटा’ हे पद पंचमीचे आहे. त्याचा अर्थ ‘धेनुकाकटहून’. गंधिकास तेच पद, सुतारास तेच पद आणि यवनासही तेच पद. एरेख्थेइओनच्या हिशेबात नागरिक व सहनिवासी यांच्यामध्ये जो व्याकरणाचा पडदा होता, तो येथे नाही. ‘यवन’ हा शब्द ‘गंधिक’ किंवा ‘वढकी’ या शब्दांच्या जागी बसतो. मूळ सांगितले आहे, परंतु त्यामुळे नगर हिरावले गेलेले नाही.

यावरून धेनुकाकटमध्ये सर्व समान होते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. नगरसभेत यवनास आसन होते किंवा नाही, त्याच्याशी सोयरीक होत होती किंवा नाही, हे स्तंभ सांगत नाहीत. ते एवढेच सांगतात की, भिक्खुसंघाला दिलेल्या दानाच्या नोंदीत दात्याचे नगर लिहिताना असा भेद केला गेला नाही. दानाची नोंद संघाच्या आवारात होत असल्यामुळे ही गोष्ट लहान मानता येणार नाही.

या यवनांची नावे ग्रीक नाहीत. त्यामुळे हे खरोखर ग्रीक होते की पश्चिमेकडील अन्य कोणी, असा वाद विद्वानांत झाला आहे. जुन्नरच्या लेखांत इरिल, चिट, चंद असे यवन येतात. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भोजनमंडप दिला. त्यांपैकी दोघांच्या नावापुढील ‘गतानं’ या पदावरून स्टेन कोनो यांनी त्यांस युरोपातील गॉथ ठरविण्याचा प्रयत्न केला होता. तो आज कोणी गंभीरपणे घेत नाही.

नाशिकच्या त्रिरश्मी पर्वतावरील सतराव्या लेण्यातील लेख मात्र अधिक काही सांगतो. तेथील दाता धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त हा स्वतःस ‘ओतराह’ म्हणजे उत्तरेकडील, ‘दातामितियक’ आणि ‘योनक’ म्हणवतो. सोबत त्याचा पुत्र धम्मरखित आहे. दातामितियक म्हणजे दत्तामित्री नगरीचा. हे नाव बहुतेक अभ्यासकांच्या मते डेमेट्रिअस या यवन राजाच्या नावावरून पडलेल्या ‘डेमेट्रिआस’ नगरीचे आहे. ग्रीक कानांना जे डेमेटर देवतेचे नाव ऐकू येई, ते प्राकृत कानांनी ‘दत्त’ आणि ‘मित्र’ असे ऐकले. ग्रीकांच्या रिवाजात माणूस आपले नगर सोडून परमुलखी गेला म्हणजेच नगरावरून झालेले विशेषण लावी. अथेन्समध्ये कोणी स्वतःस अथेनाइओस म्हणवीत बसत नसे. इंद्राग्निदत्तही तेच करतो, परंतु प्राकृत प्रत्ययाने. आजोबांच्या व नातवाच्या नावात धम्म, मधल्या पिढीच्या नावात इंद्र आणि अग्नी, आणि नगरीच्या नावात ग्रीक राजा. हे लेणे त्याने आईवडिलांसाठी व सर्व बुद्धांच्या पूजेसाठी चारही दिशांच्या भिक्खुसंघास दिले.

दत्तामित्रीचा निदान अदमास तरी करता येतो. धेनुकाकटचा तोही निश्चित नाही. पेरिप्लसमध्ये त्याचे नाव नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी ते कार्ल्याजवळच शोधले, तर अन्य काहींनी थेट आंध्रातील धरणीकोटपर्यंत नेले. प्रस्तुत लेखकास कोसंबींची दिशा अधिक ग्राह्य वाटते. कारण एवढे दाते, आणि त्यांत सुतारासारखा कारागीर, कार्ल्याहून फार दूरचे असणे संभवत नाही. त्याची उर्ब्स हरवली आहे, किविटास मात्र नावानिशी उरली आहे. तळेगावच्या अलीकडे शेलारवाडीच्या डोंगरात एका लेण्यावर आणखी एक दाती आहे : धेनुकाकट येथे वास्तव्य करणारा, नांगर धरणारा कुणबी उसभणक, त्याची कुटुंबीण सिअगुतनिका. तिच्या लेखात ‘वथव’, म्हणजे वास्तव्य करणारा, हा शब्द आहे. अथेन्समध्ये तो सहनिवाशाचा शब्द ठरला असता. येथे तो शेतकऱ्याला लावला आहे.